गादीच्या शिवणीतली सुई

शकीला सिस्टरला एक खोड होती, विचारायची. तिच्या वडिलांचं पैठण गेटाजवळ कुलपं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथं जाऊन बसायची आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, किल्ली हरवली कुठं? वडील ओशाळायचे. गिऱ्हाईक मात्र खुशीनं सगळी हकीकत सांगायचं, आणि सांगता सांगता एखाद्याला किल्ली कुठं राहिली ते आठवायचंही. पुढं ती नर्सिंग शिकली, शहरातल्याच एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागली, मजीदशी लग्न होऊन उस्मानपुऱ्यात राहायला गेली, दोन लेकरांची आई झाली, पण खोड काही गेली नाही. पुरुषांच्या वॉर्डात नाडी बघता बघता तिचं सुरू व्हायचं. गाव कोणतं, रानात काय लावलंय, लेक कुठं दिली, ताप चढला त्या दिवशी काय खाल्लं होतं. बरोबरीच्या सिस्टर तिला सीआयडी म्हणायच्या. रोग्यांना मात्र ती आवडायची. गोळी तर सगळेच देतात, पण लेक कुठं दिली हे दवाखान्यात कोण विचारतं?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एकदा वापरून टाकून द्यायच्या सुया तोवर आल्या होत्या, पण टाकायच्या कुठं हे कुणी नीट ठरवलं नव्हतं. कधी ट्रेमध्ये, कधी पुठ्ठ्याच्या खोक्यात, कधी सरळ बादलीत. सुईला टोपण परत बसवायचं, असं शिक्षणातच शिकवलेलं, आणि ते बसवतानाच निम्म्या सुया बोटात शिरायच्या. हातमोजे धुऊन, पावडर लावून पुन्हा वापरायचे आणि तेही जपून. साध्या इंजेक्शनाला मोजे घालणारी सिस्टर म्हणजे नखरेल.

एका सकाळी खिडकीजवळची खाट रिकामी झाली. तिच्यावर आठवडाभर बद्रीनाथ नावाचा तिशीतला माणूस होता. ताप हटत नव्हता म्हणून आला होता, बरा होऊन घरी गेला. शकीला चादर बदलत होती. गादी जुनी, कडेची शिवण उसवलेली. चादरीचं टोक तिथं खोचायला तिनं हात घातला आणि तर्जनीत काहीतरी खसकन गेलं. हात मागं घेतला तर बोटाला सुई लटकलेली.

तिनं सुई ओढून काढली, नळाखाली बोट धरलं, दाबून दाबून रक्त काढलं, स्पिरिटचा बोळा धरला. तेवढ्यात फरशी पुसणारी भागूबाई बादली घेऊन आली. तिनं बोळा पाहिला आणि विचारलं, "टोचली व्हय?" जणू माशी बसली व्हय असंच. मग आपल्या बोटांकडं बघत म्हणाली की आपल्याला तर लई वेळा टोचलीय, कचरा भरताना, चादरी भिजवताना. शकीलानं विचारलं, मग तू काय केलंस? भागूबाईला प्रश्नच समजला नाही. काय करायचं असतं? फडकं बांधलं नि पुढची फरशी घेतली.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा शकीलानं त्यांना सांगितलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी बोट पाहिलं, आपल्या अंगठ्यावरची एक जुनी खूण दाखवली आणि म्हणाले, मलाही टोचलंय, सिस्टर, ऑपरेशन थिएटरात तर विचारूच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तिनं घेतलं. पण मनात पाल चुकचुकायला लागली होती. सगळ्यांना टोचतं, सगळे पुढची फरशी घेतात, मग टोचल्यानंतर आत काय होतं हे कोणाला ठाऊक आहे?

दुपारी ती तळमजल्यावर लॅबमध्ये गेली. तिथं काकासाहेब नावाचे तंत्रज्ञ होते, मितभाषी, दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सुई कोणाची होती?"

तिनं सांगितलं की खाट बद्रीनाथची. मग काकासाहेबांनी तिला समजावून दिलं, आणि त्या दिवशी ते नेहमीपेक्षा बरंच बोलले. सुईच्या पोकळीत रक्ताचा अंश राहतो. त्यातून दोन-तीन आजार दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतात. एक एड्सचा, पण त्याची शक्यता कमी. दुसरी ब प्रकारची कावीळ, ती मात्र फार लवकर लागते. आज तुमचं रक्त तपासलं तर आजवरचं कळेल, आज जे आत गेलं असेल ते कळायला महिने लागतात. लवकर कळायचं असेल तर तो माणूस पाहिजे. त्याला कावीळ निघालीच, तर मुंबईहून एक इंजेक्शन मागवता येईल, पण ते आठवड्याच्या आत द्यावं लागतं. तिचं रक्त घेऊन त्यांनी काही तपासण्या इथंच लावल्या, आणि ज्या इथं होत नव्हत्या त्यांच्यासाठी एक नळी मुंबईला पाठवायला बाजूला ठेवली. काविळीच्या लसीचा पहिला डोसही तेव्हाच द्यायला लावला.

घरी आल्यावर तिनं आपला टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगला. धाकट्या मुलीनं लगेच विचारलं, अम्मी, वेगळा का? आयुष्यभर दुसऱ्याला विचारणाऱ्या बाईला पहिल्यांदा कळलं की एखादा साधा प्रश्न किती अडचणीत आणतो. मजीदचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं. ती तिथं गेली आणि त्याला सगळं सांगितलं. तो हातातली तांब्याची तार गुंडाळत ऐकत राहिला. गुंडाळी चुकली, त्यानं ती सोडवली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा चुकली. शेवटी तार खाली ठेवून म्हणाला, "अकेली मत जाओ. मैं आता हूँ ना संगात."

पण जायचं कुठं? केसपेपरवर गावाच्या जागी नुसतं गंगापूर लिहिलेलं. तालुक्याच्या गावी जाऊन बद्रीनाथ कोण म्हणून विचारलं तर दहा घरं दाखवतील. मात्र शकीलानं त्याच्याशी आठवडाभर गप्पा मारल्या होत्या. तो गंगापूरच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो, जीपच्या काचेवर लेकाचं नाव घालायचं म्हणून जागा मोकळी ठेवलीय, आणि लेकरू अजून व्हायचंय, हे सगळं तिला माहीत होतं.

सुटीच्या दिवशी दोघं बाबा पेट्रोल पंपाजवळ गेली, जिथून वाळूज-गंगापूरच्या जीपा भरायच्या. शकीलानं बुरखा घातला होता, मजीद बरोबर. बद्रीनाथ कुठं भेटेल म्हटल्यावर ड्रायव्हर लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. कोण बद्रीनाथ? कोणत्या गावचा? आम्ही तर नाव बी ऐकलं नाय. ती कोणत्या तरी तक्रारीची माणसं असावीत असं त्यांना वाटलं असणार. मग शकीलानं विचारलं, ज्याच्या काचेवर नावाची जागा मोकळी आहे तो. तेव्हा एक म्हातारा ड्रायव्हर हसला. ही बाई दवाखान्यातली दिसती, म्हणाला, बद्रीनाथ सांगत होता, तिथली एक सिस्टर लई चौकशा करती. त्यानं दोघांना आपल्याच जीपमध्ये मागच्या बाकड्यावर बसवलं.

बजाजनगरचे कामगार वाळूजला उतरले, तेव्हा कुठं पाय हलवायला जागा झाली. पुढं दोन्ही बाजूंनी ऊस. गंगापूरच्या अलीकडं एका फाट्यावर म्हाताऱ्यानं त्यांना उतरवलं आणि वस्तीची वाट दाखवली.

बद्रीनाथ अंगणात जीपचं चाक खोलत बसला होता. उठून उभा राहिला तेव्हा शकीलाला नवल वाटलं. खाटेवर तो तिला बारका वाटायचा आणि इथं चांगला उंचापुरा निघाला. त्यालाही ती ओळखू येईना, पांढऱ्या कपड्यांशिवाय त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. आवाजावरून ओळख पटली आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. दवाखान्याचं माणूस घरी आलं म्हणजे चांगल्या कामाला नव्हे.

"काय निघालं का माझ्यात?" त्यानं विचारलं.

"तुमच्यात काही निघालं नाही," ती म्हणाली. "तुमच्या गादीतली सुई मला टोचली. म्हणून आले."

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. ती बोलत असताना बद्रीनाथची बायको आशाबाई दारात येऊन थांबली होती. तिला सातवा महिना होता. एड्सचं नाव निघालं तसा बद्रीनाथ ताठ झाला. त्यानं पाना हातात घेतला आणि पुन्हा चाकाशी बसला. डायव्हर म्हटलं की लोकांना एकच सुचतं, असं तो चाकाकडं बघत म्हणाला. आपण तसले नाही. वस्तीवर कळलं की बद्रीनाथ रक्त तपासायला गेला, तर उद्या आपल्या घरचं पाणी कोण पिईल? सिस्टरचं वाईट व्हावं असं आपल्याला वाटत नाही, पण हे आपल्याच्यानं होणार नाही.

शकीलाला त्याचं बोलणं पटत होतं, हीच अडचण होती. मजीदनं तिच्याकडं पाहिलं. चला, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

तेव्हा आशाबाई दारातून बोलली. "सिस्टर, एक विचारू का? ती सुई त्यांच्यातून तुमच्यात गेली. पर त्यांच्यात कुणाच्यातून आली असंल?"

शकीला चपापली. इतके दिवस ती एकाच दिशेनं विचार करत होती, स्वतःच्या बोटापासून मागं बद्रीनाथपर्यंत. त्याच्याही मागं कोणी असेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दवाखान्यातली सुई नव्या पाकिटातली असते, ती म्हणाली. मग खोड जागी झाली आणि तिनं विचारलं की दवाखान्यात यायच्या आधी ताप आला तेव्हा काय केलं होतं? आशाबाईनं सांगितलं. आठवड्याच्या बाजाराला एक इंजेक्शनवाला येतो. वस्तीवरचं निम्मं माणूस त्याच्याकडं जातं. ताप, कंबर, अशक्तपणा, सगळ्याला सुई. सुई एकच, स्टीलच्या डब्यात गरम पाण्यात बुडवून ठेवलेली. पाणी उकळतं का, असं शकीलानं विचारलं. आशाबाई विचार करून म्हणाली, बोट घालता येतं इतकंच गरम असतं.

बद्रीनाथनं पाना खाली ठेवला.

"मला बी बघायचंय माझ्यात काय हाय," आशाबाई नवऱ्याला म्हणाली. "पोटातल्याचं काय, ते तरी कळंल."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ जीप भरूनच शहरात आला. उतारू पंपाजवळ उतरवले आणि बायकोला घेऊन दवाखान्यात. शकीलानं दोघांचं रक्त स्वतः घेतलं आणि त्यासाठी हातमोजे घातले. बद्रीनाथ म्हणाला, आधी तर घालत नव्हता. ती म्हणाली, आधी शहाणपण नव्हतं. सुईला टोपण न लावता ती तिनं सरळ एका टिनाच्या डब्यात टाकली. हा डबा मजीदनं आणला होता. वाइंडिंगच्या वॉर्निशचा, घट्ट झाकणाचा, झाकणाला वर चीर पाडलेली. आत गेलेली सुई परत बाहेर येत नसे.

संध्याकाळपर्यंत काकासाहेबांनी सांगितलं. एड्सचं काही नाही, दोघांतही नाही. आशाबाई स्वच्छ. बद्रीनाथमध्ये ब प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे.

डॉक्टरांनी त्याला समोर बसवून समजावलं. त्यानं विचारलं, किती दिवस राहिले? डॉक्टर म्हणाले, दिवस मोजायचा हा आजार नाही. पुष्कळ लोक तो अंगात घेऊन म्हातारे होतात. दारूला शिवायचं नाही, वर्षातून एकदा यकृत तपासायचं, बायकोला लस द्यायची, बाळालाही जन्मल्याबरोबर. बद्रीनाथनं सगळं ऐकलं आणि शकीलाकडं बघून म्हणाला, "म्हंजी सिस्टर, तुमाला लागलं असंल माझ्यामुळं." ती म्हणाली, सुई तुम्ही गादीत ठेवली नव्हती. काकासाहेबांनी मुंबईला फोन लावला, इंजेक्शन बर्फाच्या पेटीत घालून बसनं पाठवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब जिना चढून वॉर्डात आले. ते कधीच वर येत नसत. त्यांना पाहून शकीलानं हातातला ट्रे खाली ठेवला.

"मुंबईचा फोन आला, तुमच्या रक्ताच्या नळीचा," ते म्हणाले. "इंजेक्शन नको. तुम्हाला ही कावीळ होऊन गेलेली आहे, सिस्टर. टोचायच्या पुष्कळ आधी, काही वर्षांपूर्वी कधीतरी. अंगात तिच्याशी लढायचं बळ तयार आहे. बद्रीनाथच्या सुईनं तुम्हाला काही होणार नाही."

जीव भांड्यात पडला म्हणावं तर पडला, पण लगेच त्या भांड्यात काय आहे ते बघावंसं वाटलं. मला कावीळ? कधी? ती बाकड्यावर बसून आठवत राहिली. आणि आठवलं. शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी ती महिनाभर आजारी होती. अन्नावर वासना नाही, जिना चढवेना, लघवी हळदीसारखी. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई म्हणाल्या, परीक्षेची धास्ती. घरी आल्यावर अम्मीनं उसाचा रस पाजला, मुळा खाऊ घातला, आणि ती बरी झाली. कावीळ हा शब्द अम्मीनं उच्चारलाही असेल, पण कुठून आली हे कुणी विचारलं नाही. तिनंसुद्धा नाही. त्या काळी सुया काचेच्या सिरिंजच्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या. शिकाऊ मुलींचं काम म्हणजे त्या धुणं आणि आत साकळलेलं रक्त बारीक तारेनं ढकलून काढणं. रोज बोटं टोचलेली असायची. संध्याकाळी मुली कोणाच्या बोटाला जास्त छिद्रं ते दाखवून हसायच्या.

तेव्हाची सुई कोणाची होती? तिला त्या वॉर्डातले चेहरे आठवायला लागले, खाटा, पडदे, एक खोकणारा हवालदार, एक बाळंतीण. त्यांतल्या कोणाच्या तरी रक्ताची खूण इतकी वर्षं तिच्या अंगात मुक्कामाला होती आणि तिला खबर नव्हती. राग यावा असं वाटत होतं, पण राग यायला समोर कोणी नव्हतं. त्यापेक्षा दुसरीच उत्सुकता तिला लागली. माझं असं, तर बाकीच्यांचं काय?

ती मेट्रनकडं गेली, दवाखान्यातल्या सगळ्यांचंच रक्त तपासूया म्हणाली. मेट्रन आधी म्हणाल्या, झाकली मूठ बरी. एखादी पॉझिटिव्ह निघाली तर तिचं नाव सगळीकडं होईल. शकीला म्हणाली, नाव फक्त त्या बाईला कळेल. डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा खाली लॅबमध्ये जाऊन सगळ्यांत आधी बाही वर केली. मग एकेक करून सिस्टर आल्या, वॉर्डबॉय आले, धुलाईच्या बायका आल्या.

बऱ्याच जणींना शकीलासारखीच कावीळ होऊन गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. एकीच्या अंगात विषाणू अजून होता. ती शकीलाजवळ बसून खूप रडली आणि मग तिनं नवऱ्याला घेऊन येऊन लस दिली. आयुष्यभर सुया टोचून घेतलेल्या भागूबाईत मात्र काहीच निघालं नाही, काहीच. काकासाहेबांनी दोनदा तपासलं. भागूबाईला त्याचा आनंद नव्हता, संशय होता. "मशीन बिघडलं असंल तुमचं," म्हणाली. असं कसं झालं असेल, हे शकीलाला आजवर उमगलेलं नाही.

ट्रस्टच्या लोकांकडं मेट्रन आणि शकीला इतक्या वेळा गेल्या की तिथला शिपाई त्यांना बघून न सांगता चहा आणायचा. लस सगळ्यांना मिळाली, झाडणाऱ्यांनाही. टोपण परत घालणं बंद झालं. प्रत्येक वॉर्डात वॉर्निशचे डबे आले, ते पाठवून पाठवून मजीदकडचे संपले. पुढं सरकारी नियमाचे पिवळे-लाल डबे आले तेव्हा मजीद थोडा नाराजच झाला.

दिवाळीनंतर एका सकाळी बद्रीनाथची जीप दवाखान्याच्या दारात येऊन थांबली, खचाखच भरलेली. उतारूंना शकीला ओळखत नव्हती. त्यानं सांगितलं, ही वस्तीवरची माणसं. त्यानं स्वतःच बाजारात, चार लोकांत सांगितलं होतं की मला असं असं निघालंय, आणि ते त्या इंजेक्शनवाल्याच्या डब्यातल्या सुईनं आलं असावं असं मला वाटतं. काही दिवस त्याच्या जीपमध्ये कोणी बसलं नाही, आशाबाईला विहिरीवर बोलणी खावी लागली. मग ज्यांनी त्याच डब्यातली सुई घेतली होती त्यांना स्वतःच्या अंगाची काळजी लागली, आणि एकेक जण संध्याकाळी हळूच त्याच्या अंगणात येऊन विचारू लागला, कुठं तपासतात?

काकासाहेबांनी त्या गर्दीकडं पाहून चष्मा पुसला. शकीलानं सगळ्यांना बाकड्यांवर बसवलं आणि प्रत्येकाला विचारत सुटली. सुई कधी घेतली, कशासाठी, घरात आणखी कोण जातं त्याच्याकडं? एक म्हातारी म्हणाली, अगं, तू एवढं विचारती, तुझा चहा गार झाला.

आशाबाईला मुलगी झाली. दवाखान्यातच झाली, आणि जन्मल्याबरोबरची लस शकीलानं टोचली. बद्रीनाथनं काचेवरच्या मोकळ्या जागेत लेकीचं नाव रंगवून घेतलं. इंजेक्शनवाला पुढं पाकिटातल्या सुया आणू लागला, असं बद्रीनाथनं सांगितलं. शकीलाचा विश्वास बसला नाही. पुढच्या बाजाराला ती मजीदला घेऊन गंगापूरच्या जीपमध्ये बसली, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.